डब्याने खाल्लेला शब्द

काकू, तुम्ही रेडिओचं बटण दाबता दाबताच बोलायला लागायचात. हे मी तुमच्या तोंडावर इतक्या वेळा म्हटलंय की तुम्ही नसतानाही सुरुवात त्याच तक्रारीने होते आहे, आणि याचं माझं मलाच वाईट वाटतंय. बाकीचे सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. फ्यूनरल होममध्ये तुमच्या हॉस्पिटलातले जुने सर्जन बोलले. तुमच्या अमेयने लिहून आणलेलं वाचलं, मध्येच थांबला, पुन्हा वाचलं. इथल्या, टेक्ससच्या प्लेनोतल्या मराठी बायकांनी तुमच्या पुरणपोळीचं कौतुक केलं. ती तुम्ही विकत आणून घरच्या डब्यात भरायचात हे फक्त मला माहीत होतं, मी गप्प बसले. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते माइकसमोर उभं राहून कसं सांगायचं?

म्हणून हे इथे, थेट तुमच्याशी.

आपली ओळख परीक्षेला झाली. एका चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी सकाळी हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी रेडिओच्या, लायसन्सची परीक्षा होती. खोलीभर टेक्सन आजोबा, एकेकाच्या कमरेला वॉकीटॉकी लटकवलेला, आणि त्यांच्यात ठसठशीत टिकली लावलेल्या तुम्ही. माझी पेन्सिल टेबलाखाली गडगडली आणि मी 'अरे देवा' असं पुटपुटले. तुम्ही मान न वळवता विचारलंत, मराठी का? मी उत्तर द्यायच्या आत, आत्ता नको, नंतर भेट. निकाल लागला तेव्हा मी, दिवसभर राउटर आणि केबलींमध्ये डोकं घालणारी नेटवर्क इंजिनिअर, पहिली पायरी कशीबशी चढले होते. तुम्ही त्याच बैठकीत दुसरीही पास होऊन परीक्षकाशी अँटेनावरून हुज्जत घालत होतात.

पार्किंग लॉटमध्ये मी विचारलं, हा छंद कुठून लागला? मला वाटलं, सगळे सांगतात तेच तुम्ही सांगाल: थंडीत वीज गेली, फोन बंद पडले, रेडिओ कामाला आला. तुम्ही गाडीचं दार उघडत म्हणालात, "मला माझ्या बहिणीशी बोलायचंय." मी चेष्टेत विचारलं, बहीण काय जहाजावर असते? कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते, म्हणालात. मग फोन?

"फोनवरच तर बोलता येत नाही गं."

हे मला नीट कळलं ते पुढे एकदा तुमच्याकडे चहाला आले तेव्हा. तुम्ही ताईंना फोन लावलात आणि स्पीकर चालू ठेवलात. कुणाचा तरी वाढदिवस होता, विषय साधा होता. पण तुम्ही दोघी पहिल्या वाक्यापासून एकदम बोलत होतात. तुमचं वाक्य संपायच्या आत त्यांचं सुरू, त्यांच्या वाक्यावर तुमचं. आवाज चढत गेले, तुमचं एरवी झाकलेलं नागपूर बाहेर आलं, "काय बोलून राहिली तू ताई", आणि खटकन फोन बंद. तुम्ही चहात साखर घातलीत, ती आधीच घातलेली होती. म्हणालात, शाळेत होते तेव्हापासून मी ताईचं एकही वाक्य पूर्ण ऐकलेलं नाही, आणि तिने माझं.

रेडिओवर असं करता येत नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत बोलायचं, तेव्हा काही ऐकू येत नाही. बटण सोडलं की ऐकायचं, तेव्हा बोलता येत नाही. सगळं जग याला रेडिओची अडचण समजतं. तुम्ही तेवढ्यासाठीच परीक्षेला बसला होतात. मी आजवर पुष्कळ लोकांना पुष्कळ कारणांसाठी यंत्रं जोडून दिली आहेत, पण दोन बहिणींना आळीपाळीने गप्प बसवण्यासाठी यंत्र मागणाऱ्या तुम्ही एकट्याच. मला तुम्ही तिथेच आवडलात. तसं कधी म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती, आपण एकमेकींच्या चुका काढायचो.

हातातल्या सेटचा आवाज जेमतेम तुमच्या वसाहतीच्या कोपऱ्यापर्यंत जायचा. फ्रीमाँटपर्यंत न्यायला नोड हवा, म्हणजे एक छोटा रेडिओ, पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर आणि इंटरनेटची वायर. तुम्ही सेटवर बोलायचं, नोड ते हवेतून पकडून इंटरनेटवर टाकणार, पलीकडचा नोड पुन्हा हवेत सोडणार, आणि ताईंच्या सेटमधून तुमचा आवाज येणार. तयार मिळतो, मी म्हटलं. तुम्हाला विकतचा नको होता. पुरणपोळी विकतची चालते ती, असं मी टोचलं. तुम्ही म्हणालात, पुरणपोळीतून मला ताईशी बोलायचं नाहीये.

गराज उन्हाळ्यात भट्टी व्हायचं, म्हणून आपण तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. आवाज कॉम्प्युटरात नेणारं साउंड कार्ड उघडून त्यातल्या राईएवढ्या ठिपक्यांना केसासारख्या तारा सोल्डर करायच्या होत्या. माझा हात थरथरायचा. तुम्ही आयुष्यभर भूल दिलीत, तान्ह्या बाळांच्या शिरा शोधल्यात. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही सोल्डरिंगचं तापलेलं टोक माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, श्वास सोडून झाला की हात स्थिर असतो, तेव्हा लाव. मग सोल्डरिंग तुमच्याकडे आलं, सॉफ्टवेअर माझ्याकडे, आणि एकमेकींच्या कामात नाक खुपसणं दोघींकडे.

सगळं बसवायला पेटी हवी होती. तुम्ही वरच्या कपाटातून स्टीलचा कडीचा पोळ्यांचा डबा काढलात. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'चि. मंदास, आईकडून'. मी म्हटलं, काकू, याला भोकं पाडायची? अमेझॉनवरून प्लास्टिकची पेटी उद्या येईल. तुम्ही माझ्या हातातून ड्रिल घेतलंत आणि म्हणालात, आईने हा डबा मी अमेरिकेला निघाले तेव्हा दिला, एक ताईला, एक मला. बोलाचालीच्या कामाला आला तर आईला चालेल.

भोकं पाडता पाडताच तुम्ही मला आईंचं सांगितलंत, आणि मी ऐकता ऐकता स्क्रू शोधत राहिले, कारण तुमच्याकडे बघवत नव्हतं. आई शेवटची वर्षं ताईंकडे फ्रीमाँटला होत्या. न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलमध्ये नेलं, श्वास बिघडत गेला. आईंनी ताईंना बजावलं होतं की मंदाला कळवू नकोस, ती येईल आणि नळ्या घालायला लावेल. ताईंनी ऐकलं. तुम्हाला फोन गेला तेव्हा आई गेलेल्या होत्या. "मी नळी घातली नसती," तुम्ही म्हणालात. "जन्मभर लोकांना नळ्या घातल्या म्हणून मला कुठे नको ते कळत नाही असं वाटलं का यांना? मी हात धरून बसले असते." ड्रिल थांबलं होतं. मग तुम्ही पुन्हा चालू केलंत.

त्या रागाला कित्येक वर्षं झाली होती. बोलणं अगदी बंद नव्हतं, वाढदिवस होते, दिवाळी होती, पण प्रत्येक फोन फिरून आईंच्या हॉस्पिटलमधल्या त्याच खोलीपाशी यायचा आणि तिथे दोघी एकदम बोलायचात.

धाकटी बहीण पास झाल्याचा फोटो अमेयने घरच्या ग्रुपवर टाकला आणि तुमच्या ताईंना चैन पडेना. शाळेत गणित शिकवलेली बाई. त्यांनी पुस्तक मागवलं, परीक्षा दिली, आणि ग्रुपवर फक्त मार्क टाकले. तुमच्यापेक्षा जास्त होते. तुम्ही दिवसभर धुसफुसलात. पण मग टपालाने एक खोकं आलं, जुन्या साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेलं, आणि आतून दुसरा डबा निघाला, 'चि. सुमनास, आईकडून'. बरोबर चिठ्ठीसुद्धा नव्हती. ताईंनी आपला डबा भोकं पाडायला पाठवला होता. तुम्ही तो आधी घासलात, चकचकीत होता तरी. त्या दिवशी तुम्ही मला जेवूनच जा म्हणालात आणि खिचडी करपवलीत.

त्यांचा डबा तयार होऊन फ्रीमाँटला परत गेला आणि रविवार सुरू झाले. रविवारी तुमचा दुसरा चहा झाला की तुम्ही टेबलाशी बसायचात, मी शेजारी. ताईंचा, म्हणजे माझ्या सुमनमावशींचा, आवाज डब्यातून नव्हे, तुमच्या हातातल्या सेटमधून यायचा, वर्गात शिकवल्यासारखा स्वच्छ. त्या बटण दाबायच्या, थांबायच्या, मग बोलायच्या. पहिल्या दिवशीच मी म्हटलं, काकू, बघा, असं करायचं असतं.

आणि इथे आपलं भांडण सुरू झालं.

तुमच्या सेटवरून आवाजाबरोबर एक बारीक सूर जायचा, कानाला न कळणारा. डबा आधी तो सूर ओळखायचा, हा आवाज आपल्या घरचा आहे याची खात्री करायचा, आणि मगच इंटरनेटकडचं दार उघडायचा. याला वेळ किती, तर एका शब्दाएवढा. पण तुम्हाला तेवढा दम नव्हता. बटण आणि तोंड एकदमच. तुमचा पहिला शब्द दाराबाहेर राहायचा आणि मावशींना वाक्य शेंडी कापल्यासारखं ऐकू यायचं. डबा शब्द खातो, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, डबा खात नाही, तुम्ही भरवता.

तुमचं म्हणणं होतं, ती खात्री करणं काढून टाक. आवाज आला की दार उघडलं, झालं. मी म्हणायचे, तसं केलं तर शेजाऱ्यांच्या गराजच्या दारापासून हवेतली सगळी खरखर फ्रीमाँटला जाईल, मावशींना सेट बंद करावा लागेल. तुम्ही म्हणायचात, जाऊ दे खरखर. मी म्हणायचे, नाही जाऊ देणार. तुम्ही मला म्हणालात, "मशीनने माणसासाठी थांबायचं असतं. माणसाने मशीनसाठी नाही." मी म्हटलं, ऑपरेशन थिएटरमध्ये तुम्ही हेच करायचात का? तुम्ही ताडकन म्हणालात की तिथे पेशंट बोलत नसतो.

तुमचंही खरं होतं, माझंही. आजसुद्धा मला तसंच वाटतं, म्हणून हे भांडण मिटत नाही.

मग मी मधला मार्ग काढला. सुरुवातीला एक फुकटचा शब्द टाकायचा, तो गेला तरी चालेल असा. मी सुचवलं, आधी 'ताई' म्हणा, मग वाक्य. तुम्ही डोळे वटारलेत. ताईला का खाऊ देऊ? शेवटी 'हं'वर तडजोड झाली. हं ताई, काल मी भोपळ्याचे घारगे केले. 'हं' डब्याला, बाकीचं ताईला. बरेच रविवार हे छान चाललं. तुम्ही दोघींनी एकमेकींची वाक्यं पूर्ण ऐकली. मावशी सुनेबद्दल बोलल्या, नातवाला मराठी येत नाही म्हणून बोलल्या, गुडघ्याबद्दल बोलल्या. तुम्ही ऐकताना मान डोलवायचात, हुंकार द्यायचात, जणू त्यांना दिसतंय. एकदा त्या थांबून म्हणाल्या, मंदे, आहेस ना? तुझं 'हं' ऐकू येत नाही तर वाटतं, रागावलीस. तुम्ही बटण दाबून एवढंच म्हणालात की ऐकतेय, ऐकतेय. पहिलं 'ऐकतेय' डब्याने खाल्लं असेल, दुसरं पोचलं.

आईंचा विषय मात्र दोघी टाळत होतात. आणि मग तो रविवार आला.

तो विषय मावशींनीच काढला. त्यांनी बटण दाबलं, थांबल्या, नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. म्हणाल्या की आईने मला शपथ घातली होती, मी ती मोडली नाही, त्याचं बरोबर-चूक मला आजही कळत नाही. तुला शेवटचं भेटता आलं नाही ते माझ्यामुळे. एवढं फोनवर मला कधी बोलता आलं नाही, तू मध्ये बोलायचीस. आता बोलले. बटण सुटल्याचा आवाज आला आणि सेट गप्प झाला.

तुम्ही सेट हातात धरून बसला होतात. मी तुमच्याकडे बघत होते. तुमचे डोळे भरले होते आणि तुम्ही ते पुसत नव्हतात. मग तुम्ही बटण दाबलंत आणि वर्षानुवर्षं तोंडात धरून ठेवलेलं एकदम सोडलंत.

"नाही रागावले मी तुझ्यावर. तुला जे बरोबर वाटलं ते तू केलंस."

आणि बटण सोडलंत. 'हं' नाही, 'ताई' नाही, पहिला शब्दच 'नाही'. मी शेजारी बसून तो स्वच्छ ऐकला. दर रविवारी तुम्हाला टोकणारी मी, त्या दिवशी टोकलं नाही. कसं टोकणार? अशा वेळी कुणाला 'काकू, पुन्हा म्हणा, थांबून म्हणा' असं सांगवेल? खरं तर मला तेव्हा डबाबिबा आठवलाच नाही. मला फक्त वाटलं, झालं, मिटलं.

मग मावशींचा आवाज आला, एकच शब्द, "बरं."

तुम्ही सेट खाली ठेवलात आणि हसलात. बरं म्हणाली बघ, ताईच्या तोंडून 'बरं' म्हणजे पुष्कळ झालं, म्हणालात. आपण फ्रीजमधलं श्रीखंड काढून वाटीभर खाल्लं. इतक्या दिवसांचं आपलं काम सार्थकी लागलं असं मला वाटलं, आणि घरी जाताना गाडीत मी चक्क गात होते.

पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी सगळं तपासलं, त्यांचा डबा चालू होता, इंटरनेट चालू होतं, फक्त सेट बंद होता. फोन करा, मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. मी माझं बोलले, बटण सोडलं, आता तिची पाळी. मी चिडले. काकू, हे बहिणींचं बोलणं आहे, ट्रॅफिक सिग्नल नाही. तुम्ही म्हणालात, इतकी वर्षं मी तिच्या पाळीतच बोलत आले, आता नाही बोलणार. मग हळूहळू तुमचा सूर बदलला. 'बरं' म्हणाली म्हणजे काय, तुम्ही मलाच विचारायला लागलात. इतकी वर्षं मी राग धरला, तिला काय वाटलं असेल. तिने मला माफ नसेल केलं गं. मी म्हणत राहिले, येतील, येतील.

आणि त्याच महिन्यात एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, तुम्ही गेलात. जन्मभर दुसऱ्यांच्या श्वासावर लक्ष ठेवलंत आणि तुमच्या वेळी शेजारी कुणी नव्हतं. अमेयचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तो इंग्रजीतच बोलला, मॉम इज गॉन, आणि मग एकदम लहान मुलासारखा मराठीत म्हणाला, "आता मावशीला कोण सांगणार?"

त्यांना मी सांगितलं नाही, अमेयनेच सांगितलं. पण त्या आल्यावर एअरपोर्टवर आणायला मी गेले. मी त्यांचा आवाजच ओळखत होते. माणूस पहिल्यांदा पाहिलं, तुमच्यापेक्षा बुटक्या, तुमचंच नाक. फ्यूनरल होममध्ये सगळे बोलत होते तेव्हा त्या मागच्या रांगेत बसल्या. मी पाणी नेऊन दिलं. तेव्हा त्या म्हणाल्या, लोक एवढं चांगलं बोलतायत, मला काय बोलता येणार, माझ्याशी तिचं शेवटचं बोलणंच तसं झालं.

मी म्हटलं, मावशी, किती चांगलं बोलणं झालं ते. मी होते ना तिथे.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "'रागावले मी तुझ्यावर, तुला जे बरोबर वाटलं ते तू केलंस.' यात चांगलं काय आहे?"

काकू, मला तिथे बसावं लागलं. एका शब्दाएवढा वेळ, आणि तुमच्या तोंडात नेमका तोच शब्द पुढे आला. इतर कुठलाही गेला असता तरी चाललं असतं. आपली माणसं मनापासून बोलताना 'नाही' आधी म्हणतात. नाही रागावले, नाही विसरले, नको काळजी करूस. तो गेला की राहिलेलं वाक्य धडधाकट उभं राहतं, अगदी उलटं. आणि तुमचं दुसरं वाक्य तर असं की रागात म्हटलं तर टोमणा, मायेने म्हटलं तर क्षमा. त्यांनी तो टोमणा धरला. 'बरं' म्हणाल्या ते सगळं संपल्यासारखं. मग सेट बंद केला. फोन का केला नाही विचारलं, तर म्हणाल्या, तीच बोलली होती शेवटचं, मी काय बोलणार होते.

मी त्यांना सगळं सांगितलं, तिथेच, रांगेत वाकून. दार उघडायला वेळ लागतो, पहिला शब्द जातो, त्या 'नाही' म्हणाल्या होत्या, मी कानांनी ऐकलं. मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला. चांगली आहेस, म्हणाल्या, अशा वेळी माणसं असंच बोलतात. त्यांनी विश्वास ठेवला नाही. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं, आपण बोलणं कधी रेकॉर्ड केलं नाही. करायचं नाही, असं तुम्हीच ठरवलं होतंत, आणि तेव्हा मलाही ते पटलं होतं.

त्या फ्रीमाँटला परत गेल्या. मला झोप लागेना, जेवण जाईना. तुमच्यासाठी रडू येत होतं ते वेगळं, हे वेगळं. तुमची क्षमा मला माहीत होती आणि जिला द्यायची तिला ती मिळालेली नव्हती, आणि दोघींच्या मध्ये मी बांधलेला डबा होता.

काल रविवार होता. अमेयकडून किल्ली घेऊन मी तुमच्या घरी गेले. त्याने बरंचसं आवरलंय, पण टेबलावरचा डबा तसाच ठेवलाय, दिवा लुकलुकत होता. मी मावशींना फोन केला आणि म्हटलं, सेट चालू करा, एकदाच. त्या आता काय ऐकायचं राहिलंय म्हणाल्या. मी म्हटलं, गणिताच्या बाई आहात, ताळा तरी करून बघा. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

फोन ठेवून मी तुमच्या जागी बसले. तुमचा सेट घेतला. बटण दाबता दाबताच, तुमच्यासारखं, बोलले. मला ते वाक्य म्हणताना लाज वाटली, कारण मी मावशींना 'तुम्ही' म्हणते आणि वाक्य 'तू'चं होतं. पण बदलून चाललं नसतं. नाही रागावले मी तुझ्यावर. तुला जे बरोबर वाटलं ते तू केलंस. आणि बटण सोडलं.

मावशींनी दाबलं, थांबल्या. मग म्हणाल्या, "'रागावले' पासून ऐकू आलं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पुन्हा म्हण. थांबून म्हण."

मी दाबलं, मनात एक श्वास सोडला, आणि पुन्हा तेच म्हटलं. या वेळी सगळं गेलं असणार, पहिल्या शब्दासकट.

मग त्यांनी विचारलं, ती खरंच असं म्हणाली? मी सांगितलं, मी शेजारी बसले होते, काकू रडत होत्या, आणि नंतर तुमची वाट बघत होत्या, तुमची पाळी आहे म्हणून. मी बटण सोडलं. माझ्याकडे आणखी काही नव्हतं.

एकदा बटण दाबल्याचा आवाज आला आणि बोलणं नाही, नुसता त्यांचा श्वास. सुटलं. पुन्हा दाबलं. या वेळी त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"मंदे, मी पण नाही रागावले गं. कधीच नाही."

मी सेट टेबलावर ठेवला आणि तोंडावर हात धरून बसले. काकू, ते तुमच्यासाठी होतं. शब्दन् शब्द आला, एकही गेला नाही. आणि ऐकायला तुमच्या खुर्चीत मी होते.